बिलंदर : लक्षणे, साधने आणि उपद्रव

व्याख्या

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत बिलंदर हे एक पात्र असते. त्याचा धंदा चोरीचा, हत्यार लहान, चिलखत कातड्याचे आणि सचोटी कामापुरती. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, अंधारात मिसळून जाणे, भिंती चढणे, खोटे बोलणे आणि शत्रू बेसावध असताना वार करणे ही त्याची सहा प्रमुख कामे होत. सापडलेल्या ऐवजाचा हिशेब सोबत्यांना उशिरा देणे हे सातवे काम. ते नियमपुस्तकात छापलेले नाही, परंपरेने चालत आले आहे. इंग्रजी नियमपुस्तकांत या वर्गाला ‘रोग’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात बिलंदर हेच नाव वापरले आहे.

खेळाची रचना साधी आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो जग उभे करतो, राक्षसापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि आठवडाभर खपून रचलेले कथानक बाकीचे पहिल्या अर्ध्या तासात मोडतात ते निमूट पाहतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात: योद्धा, मांत्रिक, पुरोहित, बिलंदर. पात्र काय करणार हे खेळाडू तोंडाने सांगतो. ते साधले की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पट नसला तरी चालते, सोंगट्या नसल्या तरी चालते. चहा नसला तर मात्र डाव रंगत नाही. या खेळात कुणी जिंकत नाही की हरत नाही. कुणाच्या तरी घरून तिसऱ्यांदा फोन आला की त्या दिवसाचा डाव संपतो.

या टेबलावर पहिल्यांदा बसणाऱ्याला चारांपैकी एक पात्र निवडायला सांगितले, तर तो योद्ध्याच्या तलवारीकडे आदराने पाहतो, मांत्रिकाच्या मंत्रांची यादी पाहून दचकतो, पुरोहिताकडे बघतच नाही आणि बिलंदराचे नाव निघाले की त्याचा चेहरा खुलतो. आयुष्यात सिग्नल न मोडलेला माणूसही याला अपवाद नसतो. किंबहुना सिग्नल न मोडलेल्या माणसाचाच चेहरा जास्त खुलतो. या घटनेची कारणमीमांसा पुढे केली आहे.

इतिहास

या जातीचा पहिला छापील खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यात वर्ग तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. भुयार होते, खजिना होता, कुलपे होती, चोर नव्हता. ही उणीव फार दिवस राहिली नाही. चोराची कल्पना कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंना सुचली, फोनवरून गायगॅक्सच्या कानी आली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत हा वर्ग अधिकृतपणे दाखल झाला. पहिला चोर दुसऱ्याच्या घरून आला, हे रीतीला धरूनच झाले.

प्रारंभीचा चोर मोठा दयनीय होता. १९७८ च्या सुधारित नियमपुस्तकाप्रमाणे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या चोराला भिंत चढून जाणे शंभरात ८५ वेळा साधे. कुलूप उघडणे २५ वेळा, सापळा शोधून निकामी करणे २० वेळा आणि सावलीत लपणे अवघे १० वेळा. म्हणजे घरात शिरायला अडचण नव्हती. अडचण आत गेल्यावर सुरू होई. कुलूप उघडत नाही, लपता येत नाही आणि मालक जागा झालेला आहे, या अवस्थेत त्या काळातल्या चोरांचा बहुतेक वेळ जात असे. त्यांतले फार थोडे दुसऱ्या पायरीपर्यंत पोचले. जे पोचले त्यांच्या खेळाडूंनी ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षे सांगितली.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या वर्गाचे नाव बदलले. ‘चोर’ जाऊन ‘रोग’ आले. काम तेच, प्रतिष्ठा वाढली. कारखान्यांत कारकुनाचा ‘एक्झिक्युटिव्ह’ झाला तेव्हाही हेच घडले होते. चोराने चोरी केलीच पाहिजे असे सर्वांना वाटे. नव्या नावाचा माणूस हेर असू शकतो, भामटा असू शकतो, गुप्त पोलीसही असू शकतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला गाफील शत्रूवर वार करताना सुरुवातीला एक जादा फासा मिळतो आणि १९व्या पायरीला दहा. अकराव्या पायरीपासून त्याच्या मुरलेल्या कामांत फासा कितीही वाईट पडला तरी दहाच्या खाली मोजला जात नाही. अनुभवी कारागिराची चूकसुद्धा कामचलाऊ असते, या सत्याला नियमपुस्तकाने दिलेली ही मान्यता होय.

साहित्यातले त्याचे परदेशी वाडवडील सर्वांना माहीत आहेत. टॉल्किनच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये बिल्बो नावाच्या घरकोंबड्या गृहस्थाला घरफोड्या म्हणून नेमतात. त्याने तोवर कुणाचे काही चोरलेले नसते. शिफारस मात्र एका जादूगाराची असते, त्यामुळे मुलाखत होत नाही.

भूगोल

बिलंदराला काम करायला भुयार लागते. नियमपुस्तकांतल्या चित्रांत ते कुठल्यातरी बर्फाळ डोंगराखाली असते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या रहिवाशाला इतके लांब जाण्याची गरज नाही. औद्योगिक वसाहतीच्या उत्तरेला, दुचाकीने जाऊन येण्याच्या अंतरावर, देवगिरी ऊर्फ दौलताबाद उभा आहे.

यादवांची ही राजधानी बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचवा याच्या काळात वसली. टेकडी सुमारे २०० मीटर उंच. तिचा खालचा कडा सगळीकडून सरळ तासलेला, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, खंदकावरून आत जायला एकच अरुंद वाट आणि त्या वाटेपुढे ‘अंधारी’: खडकातून वळणावळणाने वर चढणारा काळोखा मार्ग. अंधारीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणाची आणि विस्तवाची सोय होती. झाकण तापवायचे, धूर आत सोडायचा, की खालून येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न मिटला. बाहेरच्या दरवाजांना हत्तींसाठी टोकदार खिळे. एवढ्यावर वाटाड्यांचे समाधान होत नाही. ते चुकीच्या वळणावर गेलेल्या शत्रूला थेट खंदकात पाडतात आणि खंदकात मगरी सोडतात. नियमपुस्तक लिहिणाऱ्यांनी एकदा या वाटाड्यांबरोबर फिरावे, त्यांची एक पुरवणी सहज निघेल.

वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना या रचनेमागचे तत्त्व नवे नाही. चुकीचा सुटा भाग चुकीच्या जागी बसूच नये म्हणून फिक्स्चरमध्ये जी खिट्टी ठेवतात तिला तिथे ‘पोका-योके’ म्हणतात. अंधारी ही माणसांसाठी केलेली पोका-योके आहे: चुकीचा माणूस बरोबर जागी पोचूच नये. आणि पोका-योके कशी चुकवायची हेही लाइनवरच्या दर माणसाला ठाऊक असते. फक्त ते ऑडिटच्या दिवशी कुणाला ठाऊक नसते.

हा गड सर करायला आपली चौकडी निघाली असे धरू. योद्धा पहिल्या दरवाजाला खांदा लावील आणि खिळे हत्तीच्या उंचीला असल्याने फक्त अपमानावर सुटेल. मांत्रिक अंधारीत उजेड पाडील आणि वटवाघळांना उठवील. पुरोहित दोघांना मलमपट्टी करील. बिलंदर तोवर खंदकाच्या काठावर बसून एकच प्रश्न विचारील: गडावरचे लोक खातात काय, आणि ते वर कोण नेतो?

हा प्रश्न बरोबर आहे, याला इतिहासाची साक्ष आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, चुलत्याशी बिनसले असून आपण राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालो आहोत, अशी हूल त्याने वाटेत उठवली होती. देवगिरीला पोचल्यावर, आपण फक्त आघाडीची तुकडी असून सुलतानाची खरी फौज मागून येते आहे, अशी दुसरी अफवा सोडली. पुढे ऐन लढाईत, गडावर नजर ठेवायला मागे ठेवलेली त्याचीच तुकडी धुरळा उडवत आली आणि ती दिल्लीची फौज समजून यादवांचे सैन्य बिथरले. उरलेसुरले काम कोठारात झाले. वेढ्याच्या गडबडीत धान्य म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली, तर ती मिठाची निघाली. यादवांच्या रामदेवरायाला तह करावा लागला.

खेळाच्या भाषेत सांगायचे तर थापेचे दोन फासे आणि धुरळ्याचा एक, असे तिन्ही अल्लाउद्दीनला चांगले पडले, आणि पोत्यात हात घालून बघण्याचा एक साधा फासा गडावर कुणी टाकलाच नाही. तटाची कसोटी लागलीच नाही. १६३३ साली महाबतखानाने मोगलांसाठी हाच किल्ला घेतला तेव्हाही सुरुंगाच्या जोडीला उपासमार होती आणि शेवटी किल्ला लढवणाऱ्या फत्तेखानाच्या पदरात रोकड पडली. अभेद्य तटाची खरी कळ तटात नसते, हे बिलंदराच्या शास्त्राचे पहिले सूत्र देवगिरीने दोनदा सिद्ध केले आहे.

पूर्वज

बिलंदर हे पात्र परदेशातून आले, असा समज खेळाडूंमध्ये आहे. तो छत्रपती संभाजीनगर शहरापासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, पैठणला जाऊन दुरुस्त करता येतो. सातवाहनांच्या या प्रतिष्ठाननगरीतल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, अशी परंपरा आहे. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख त्याने स्वतः जाळले, एक लाख उरले, आणि मूळ ग्रंथ तर पुढे नाहीसाच झाला. उरलेल्या कथांवरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्यात विद्याधर आहेत, वेताळ आहे, आणि राजवाड्याला भोक पाडणारे घट आणि कर्पर हे चोरही आहेत. टेबलावरच्या खेळाला लागणारे सगळे सामान एका ग्रंथात आहे. फासे तेवढे वेगळे आणावे लागतात.

परंतु या वर्गाचा आदर्श नमुना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त सापडतो. मराठी रंगभूमीला तो गोविंद बल्लाळ देवलांनी ओळखीचा करून दिला. त्यातला शर्विलक हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडायला येतो तेव्हा आधी भिंतीचा अभ्यास करतो. रोज पाणी पडून विटा कुठे भिजल्या आहेत, ते पाहतो. मग भोक कोणत्या आकाराचे पाडावे यावर विचार करतो. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे पर्याय शास्त्रात दिलेले असतात. सकाळी शेजारी जमले की त्यांनी कामाची तारीफ करावी, ही त्याची अपेक्षा. माप घ्यायची दोरी घरी विसरली म्हणून तो जानव्याने माप घेतो आणि वर चोराला जानव्याचे उपयोग किती, हेही सांगतो. सापाने बोटाला दंश केला तर तेच जानवे बांधायला होते. दार करकरू नये म्हणून बिजागरीवर पाणी शिंपडतो. झोपलेले खरेच झोपलेत की सोंग घेतात, याची परीक्षा घेतो. दिवा विझवायला त्याच्याजवळ एक पाळीव किडा असतो.

एवढी तयारी करून तो आत जातो, तर घरात मृदंग, वीणा आणि बासऱ्या. यजमान कफल्लक. बिलंदराच्या शास्त्रात याला फार महत्त्व आहे: कौशल्य पूर्ण, खजिना शून्य. शेवटी विदूषक मैत्रेय झोपेत बरळतो आणि दागिन्यांचा डबा स्वतःच्या हाताने, वर शपथ घालून, चोराच्या हवाली करतो. ते दागिने ज्या वसंतसेनेचे, तिच्याच दासीला सोडवण्यासाठी शर्विलक ते घेऊन तिच्याच घरी जातो. एवढा योगायोग सूत्रधाराने रचला असता तर खेळाडूंनी त्याला सळो की पळो करून सोडले असते. पुढे हाच चोर मित्राला तुरुंगातून सोडवतो आणि राज्यक्रांतीत सामील होतो. पहिल्या पायरीवरून विसाव्या पायरीपर्यंतचा एवढा नीट चढलेला प्रवास इतरत्र क्वचितच आढळतो.

त्याच नाटकात लपण्याचा फासा वाईट पडल्याचे उदाहरणही आहे. जुगारात हरलेला संवाहक घेणेकऱ्यांना चुकवून एका ओसाड देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि रिकाम्या गाभाऱ्यात देवाची मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे येतात, मूर्तीकडे बघतात, तिला हलवून पाहतात, तो ढिम्म. मग ते तिथेच बसून जुगार मांडतात. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही. फाशांचे वेड लागलेल्या माणसाला कुठेही लपता येत नाही, हा धडा आजच्या खेळाडूंच्या घरच्या मंडळींनीही गाठीशी बांधण्याजोगा आहे.

साधनांची यादी हवी असेल तर दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तला अपहारवर्मा पाहावा. सापाच्या फण्याच्या आकाराचे खणते, चिमटा, मापाची दोरी, आत काय आहे ते आधी चाचपायला लाकडी मुंडके, आणि दिवा विझवायला भुंग्यांची डबी. नगरातल्या कंजूष धनिकांना संपत्ती क्षणभंगुर असते हे पटवून द्यावे, असा त्याचा उद्देश असतो. समाजप्रबोधनाची ही पद्धत पुढे रूढ झाली नाही, याचे कारण श्रोत्यांचा प्रतिसाद हे असावे.

हीच हुन्नर पुढे शिवाजी महाराजांच्या काळात मोठ्या कामी आली. बहिर्जी नाईकांची हेरगिरी, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून झालेला प्रवेश, १६६६ सालची आग्र्याहून सुटका, ही सगळी गनिमी काव्याची परंपरा आहे. टेबलावरच्या खेळाडूला स्फूर्ती घ्यायला इथे कमी नाही. मात्र स्फूर्ती घेताना तोंड सांभाळावे. या नावांना ‘चोर’ किंवा ‘बिलंदर’ म्हटले तर खेळ लगेच थांबतो आणि दुसरा सुरू होतो, त्यात फासे नसतात.

विसाव्या शतकात या वर्गाचा कारभार बाबूराव अर्नाळकरांकडे आला. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक कायद्याच्या कुंपणावरून ये-जा करत आणि दुष्टांचे पितळ उघडे पाडत. ग्रंथालयांतून ही पुस्तके घरी नेताना वाचकही वर एखादे भारदस्त पुस्तक ठेवून नेत, त्यामुळे वेषांतराचा सराव दोन्ही बाजूंनी झाला. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त तर खोलीसाठी घरमालकिणीला फसवणारे चार मित्र आहेत. चौघांपैकी एकाकडेही तलवार किंवा मंत्र नाही. सबंध चित्रपट थापेच्या फाशांवर निभावतो, आणि प्रत्येक थाप सावरायला नवी थाप लागते, हा या वर्गाचा मूलभूत नियम त्यातून लहान मुलेही शिकतात.

आकर्षणाची कारणे

पहिले कारण दुबळेपणाचे. योद्ध्याचे शरीर मोठे, मांत्रिकाची विद्या मोठी, पुरोहिताची ओळख थेट वरपर्यंत. बिलंदराकडे यांतले काही नसते. त्याच्याकडे असते ती नजर. जगात बहुसंख्य माणसांची परिस्थिती हीच असल्याने, वशिला आणि बळ यांवाचून आत शिरणारा माणूस त्यांना जवळचा वाटतो. शर्विलकाने भिंतीतला ओलावा पाहिला आणि देवगिरीवर पोत्यात काय आहे ते कुणी पाहिले नाही, या दोन गोष्टींतला फरक हाच या पात्राच्या मोहाचा गाभा आहे.

दुसरे कारण शिस्तीचे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि बजाजनगरपासून रांजणगाव शेणपुंजीपर्यंतची वस्ती पाळ्यांच्या भोंग्यांवर जगू लागली. या जगात प्रत्येक हालचालीची एक ठरलेली रीत असते. ती मशीनच्या डोक्यावर चिकटवलेली असते, तिच्यावर तीन सह्या असतात, आणि तिच्याबाहेरचे काही सुचले तर ते सूचनापेटीत टाकायचे असते. आठ तास असा घालवलेला माणूस रविवारी टेबलावर बसला की योद्धा कशाला होईल? योद्ध्यालाही पुढे उभे राहून सांगितले तेच करायचे असते. बिलंदराला मात्र सूत्रधार विचारतो, “तू काय करतोस?” आणि उत्तर कुठेही छापलेले नसते.

फिटर, टूलरूम आणि देखभाल विभागातल्या मंडळींना या वर्गाची ओढ अधिक असावी, हे ओघानेच आले. कुलूप म्हणजे काय, स्प्रिंग कुठे असते, किती हजारांशाने खिट्टी अडते, हे त्यांच्या हातांना कळते. सूत्रधाराने “दाराला गुंतागुंतीचे कुलूप आहे” एवढेच म्हटले तर ते त्याचा मेक विचारतात. अशा खेळाडूंपुढे सूत्रधाराने यांत्रिक सापळ्याचे वर्णन मोघमच ठेवावे. तपशील दिल्यास सापळा चालणारच नाही, हे ते कागदावर आकृती काढून सिद्ध करतात आणि वर दुरुस्तीचा अंदाजही देतात.

तिसरे कारण परवानगीचे. खोटे बोलायची इच्छा सर्वांना असते; वेळ, जागा आणि पकडले गेल्यावरचा खर्च परवडत नाही. टेबलावर तिन्हींची सोय होते. साहेबांपुढे रजेसाठी आजीला दुसऱ्यांदा आजारी पाडताना ज्याचा घसा कोरडा पडतो, तोच माणूस संध्याकाळी ड्रॅगनसमोर उभा राहून आपण गुहांचा सरकारी पाहणी अधिकारी असल्याचे सांगतो आणि ना-हरकत दाखला मागतो. फासा वीस पडला तर ड्रॅगन तो आणायला आत जातो.

चौथे कारण भीतीचे. योद्ध्याचा वार चुकला तर तो पुन्हा मारतो. त्यात गंमत फार नाही. बिलंदराचा फासा चुकला तर बाहेर पहारेकऱ्यांची पावले वाजतात, हातात दुसऱ्याचा हार असतो, आणि टेबलावरचे चौघेही श्वास रोखून धरतात. यश तर चांगलेच. अपयशाचा किस्सा त्याहून चांगला. बिलंदराच्या ज्या मोहिमा पुढे वर्षभर सांगितल्या जातात त्यांत बहुतेक फसलेल्याच असतात.

पाचवे कारण गुप्त भाषेचे. नियमपुस्तकाने बिलंदराला चोरांची एक खास बोली दिली आहे. महाराष्ट्राला यात शिकण्यासारखे काही नाही. व्यापाऱ्यांची नंदभाषा इथे होती, करपल्लवी होती, आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून बैलाचा भाव ठरवण्याची रीत तर सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले. भोवती पन्नास माणसे उभी असत आणि भाव दोघांनाच कळे.

प्रकार

निरीक्षणाअंती बिलंदर खेळणाऱ्यांचे चार प्रकार आढळतात.

अनाथ बिलंदर हा सर्वांत जास्त आढळतो. त्याचे आईवडील लहानपणीच मारलेले असतात, गाव जळालेले असते, आणि तो खानावळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोक्यावर टोपडे ओढून एकटा बसलेला असतो. त्याला कुणाशी बोलायचे नसते. प्रत्यक्षातला खेळाडू भरल्या घरातला असतो, डबा आईने दिलेला असतो आणि तो सर्वांत जास्त बोलतो.

हातचलाख बिलंदराला समोर दिसेल त्याचा खिसा तपासायचा असतो. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला गर्दी लोटते तेव्हा खिसेकापूंपासून सावध राहण्याची सूचना कर्ण्यावरून होते, आणि ती होताच जो तो आपले पाकीट जिथे आहे तिथे चाचपून पाहतो. हा प्रकार त्या सूचनेची वाट पाहत जगतो. त्याची अडचण एवढीच, की गावात चोरण्याजोगे काही उरले नाही की तो सोबत्यांकडे वळतो.

वकील बिलंदराने नियमपुस्तक पाठ केलेले असते. शत्रू गाफील कसा ठरतो याची तीन कलमे तो सूत्रधाराला ऐकवतो. ड्रॅगन त्याच्याकडेच बघत असला तरी मनाने दुसरीकडे असू शकतो, असा त्याचा युक्तिवाद असतो.

सज्जन बिलंदर हा प्रकार सर्वांत विरळा. हा खेळाडू नोकरीने गुणवत्ता तपासनीस किंवा हिशेबनीस असतो. त्याने हौसेने चोर घेतलेला असतो, पण सापडलेल्या ऐवजाची तो दोन प्रतींत यादी करतो, सह्या घेतो आणि मालकाचा पत्ता मिळाल्यास परत करण्याचे सुचवतो. असा बिलंदर चौकडीत असला की मोहीम तोट्यात जाते.

उपद्रव आणि उपाय

बिलंदराचा मुख्य उपद्रव म्हणजे तो पुढे जातो. “मी जरा बघून येतो” हे वाक्य त्याने उच्चारले की पुढचा अर्धा तास सूत्रधार आणि तो असा दोघांचाच खेळ होतो. बाकीचे मोबाइल काढतात किंवा भजी आणायला जातात. दुसरा उपद्रव संशयाचा. सगळीकडे सापळा असू शकतो हे त्याने एकदा अनुभवले, की तो साध्या दाराचीही दहा मिनिटे तपासणी करतो आणि दार उघडेच होते हे शेवटी योद्ध्याच्या धक्क्याने कळते. तिसरा उपद्रव सोबत्यांच्या पिशव्यांचा. त्याचा उल्लेख वर आलाच आहे.

यावर उपाय आहेत. टेहळणीला वेळ बांधून द्यावी. जिथे सापळा नाही तिथे सूत्रधाराने चेहरा गंभीर ठेवू नये. सोबत्यांचे चोरायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत चहाच्या वेळी सर्वांदेखत ठरवून घ्यावे. चोरावर न रागावणारा चारुदत्तासारखा यजमान दर टेबलावर भेटत नाही. आणि बिलंदराचे काम अडेल असे कुलूप प्रत्येक डावात निदान एक तरी ठेवावे, कारण रिकाम्या हातांना दुसऱ्याचे खिसे लवकर दिसतात.

निष्कर्ष

बिलंदराचे आकर्षण चोरीत नाही. चोरी करून मिळालेल्या सोन्याचे खेळाडू बहुधा काहीच करत नाहीत. ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात आणि कागद हरवतात. इतर जिथे दार पाहतात तिथे भिंत, बिजागरी आणि ओल पाहण्याची मुभा या एकाच पात्राला आहे, आणि ती मुभा रोजच्या जगण्यात फार थोड्यांना मिळते, म्हणून त्याला मागणी आहे. नवख्या खेळाडूने पहिल्यांदा बसताना बेलाशक बिलंदर घ्यावा. चौकडीत मात्र तो एकच असावा. दोन झाले तर एकमेकांच्या मागे लपण्यात डाव संपतो, आणि चारही झाले तर खजिना सुखरूप राहतो. सामाईक पैशांची थैली मात्र पुरोहिताकडे द्यावी आणि ती कुठे ठेवली आहे ते बिलंदराला सांगू नये. त्याला ते आधीच माहीत असते.